खाल्ल्या मिठाचा देव आणि शिवेवरची देवी

गेल्या अंकात या सदरात ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या संगणकीय खेळाची ओळख करून दिली होती. डोंगराच्या पोटात गड खोदून राहणाऱ्या बुटक्यांची एक टोळी आपण सांभाळायची, आणि ती ज्या जगात राहते ते जग, म्हणजे त्यातले डोंगर, नद्या, राज्ये, लढाया आणि देवदेवता, संगणकाने प्रत्येक वेळी नव्याने रचायचे, असे या खेळाचे स्वरूप आहे. देवांविषयी त्या लेखात मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. आलेली पत्रे मात्र जवळजवळ सगळी देवांविषयीच आहेत. त्यांतली सात पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळून केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. माझ्या जगातल्या बुटक्यांना ‘मीठ आणि शपथा’ यांचा देव मिळाला असून त्याचे रूप वटवाघळाचे आहे. वसतिगृहातली मुले रोज संध्याकाळी या देवाची आरती म्हणून मला छळतात. संगणक असले देव कसे ठरवतो? ही खेळातली चूक आहे का, आणि जग मोडून नवे तयार करावे का? (निपाणी)

उत्तर : चूक मुळीच नाही, उलट हा खेळ जसा चालावा असे त्याच्या कर्त्यांना वाटते, तसाच तो तुमच्याकडे चालला आहे. जग तयार करण्याची आज्ञा दिल्यावर संगणक आधी जमिनीची उंची, पाऊस, उष्णता आणि नद्यांचे प्रवाह ठरवतो, त्यानंतर त्या भूमीवर बुटके, माणसे, वनवासी एल्फ अशा लोकसमूहांना वसवतो, आणि मग त्या सर्वांचा शेकडो वर्षांचा इतिहास वर्षामागून वर्ष असा चालवून पाहतो. देव या इतिहासाच्या आरंभीच जन्माला येतात. प्रत्येक देवाच्या वाट्याला एक किंवा अधिक क्षेत्रे येतात. आपल्याकडे गणपती विद्येचा आणि कुबेर धनाचा म्हणतात, तशीच ही क्षेत्रे असतात. फक्त यादी भलतीच लांब आहे. शंभराहून अधिक क्षेत्रांच्या या यादीत सूर्य, पाऊस, युद्ध, मृत्यू, विवाह ही अपेक्षित मंडळी आहेतच, पण त्यांच्याच पंक्तीला अफवा, चिखल, जुगार, चोरी, मत्सर, सांत्वन, संधिप्रकाश आणि मासेमारी हीसुद्धा बसलेली आहेत. संगणकाच्या दृष्टीने सूर्य मोठा आणि चिखल लहान असा भेद नाही, आणि निम्मी गंमत तेथेच निर्माण होते.

सगळेच अंदाधुंद चालते असे मात्र नाही. क्षेत्रांची आपापसांत सोयरीक आणि वैर आधीच लिहून ठेवलेले आहे. मासे आणि मासेमारी ही एकाच देवाकडे सुखाने नांदतात, तर सत्य आणि असत्य ही दोन्ही एका देवाकडे कधीच जात नाहीत. ज्यांची एकमेकांशी मैत्री नाही आणि वैरही नाही अशी क्षेत्रे मधूनच शेजारी येऊन बसतात, आणि तुमचा मीठशपथांचा देव त्यांतलाच आहे. नाव त्या त्या समाजाच्या भाषेतल्या शब्दांतून जुळवले जाते; रूप बहुधा त्याच जमातीच्या पुरुषाचे किंवा स्त्रीचे असते, पण कधी एखाद्या प्राण्याचेही असते. जगाचा इतिहास वाचण्यासाठी खेळात असलेल्या ‘लेजेंड्स’ या विभागात गेलात तर देवाची कुंडली एकदोन वाक्यांत लिहिलेली सापडेल : अमुक समाजाच्या पुराणकथांत येणारा हा देव, बहुधा अमुक रूपात दाखवला जाणारा, अमुक अमुक गोष्टींशी संबंध असणारा. एवढेच. त्याने मीठ का घेतले, शपथा का घेतल्या, याची कथा संगणक सांगत नाही, कारण त्याच्याकडे ती नसते.

ती कथा तुमच्याकडे आहे, आणि वसतिगृहातल्या मुलांना हसण्यापूर्वी ती आठवायला हवी होती. इंग्रजी वाचणाऱ्या खेळाडूला मीठ आणि शपथ यांचा संबंध शोधावा लागेल. मराठी माणसाला तो लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याच्याशी दगा करायचा नाही, ही आपल्या समाजातली सर्वांत जुनी आणि न लिहिलेली शपथ आहे. संगणकाने दोन चिठ्ठ्या डोळे मिटून उचलल्या आणि त्या नेमक्या आपल्या म्हणीवर पडल्या. राहता राहिले वटवाघूळ. जुन्या दगडी देवळाच्या अंधाऱ्या मंडपात शिरताच जो उग्र दर्प येतो तो ज्याने अनुभवला आहे, त्याला देव आणि वटवाघूळ यांचा शेजार नवा वाटू नये; आणि जन्मभर भुयारात राहणाऱ्या बुटक्यांच्या देवाने मोराचे रूप घ्यावे अशी अपेक्षा तरी कशी करावी?

त्यामुळे माझा सल्ला असा की जग मोडू नका. नावच अगदी खटकत असेल तर एक आडवाट आहे. संगणकाची यदृच्छा एका आकड्यापासून सुरू होते, त्याला बीज म्हणतात. प्रगत मांडणीत भूगोल, इतिहास, नावे आणि प्राणी यांची बीजे निरनिराळी देता येतात, म्हणून पुढच्या जगात भूगोलाचे बीज तेच ठेवून नावांचे तेवढे बदलता येईल. पण चांगला देव हाती लागला असताना असे करणे म्हणजे पेरलेले उपटून पुन्हा पेरण्यासारखे आहे. त्याऐवजी भोजनशाळेची भिंत घासून गुळगुळीत करा आणि तिच्यावर कोरीव काम करण्याची आज्ञा द्या. काय कोरायचे हे कोरणारा बुटका स्वतः ठरवतो. माझ्या गडावर जुगाराची एक देवी आहे. एका कारागिराने तिला जेवणाच्या मेजासमोरच कोरले, आणि चित्राचे वर्णन उघडून पाहिले तर देवी हसत होती आणि भोवतीचे बुटके अंग चोरून उभे होते. ज्यांनी कधी तीन पानी खेळून पगार घालवला असेल त्यांना हे शिल्प पटावे.

प्रश्न : माझा नातू सुट्टीत हा खेळ खेळतो आणि त्यातल्या देवांना खदाखदा हसतो. देव कोणाचेही असोत, त्यांची अशी थट्टा व्हावी हे मला रुचत नाही. मी जुन्या विचारांची निवृत्त शिक्षिका आहे. आपले मत कळवावे. (खानापूर)

उत्तर : बाई, आपली हरकत मी हसण्यावारी नेणार नाही. हे देव कोणत्याही हयात धर्मातून उचललेले नाहीत. ते त्या एका जगापुरते जन्मतात आणि जग पुसले की त्यांच्यासह पुसले जातात, म्हणून कोणाच्या श्रद्धेला धक्का लागण्याचा प्रश्न येत नाही. खेळाचे कर्ते टार्न अॅडम्स आणि झॅक अॅडम्स हे दोघे अमेरिकन भाऊ आहेत. टार्न यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून गणितात पीएचडी केली आहे, तर झॅक यांचा ओढा प्राचीन इतिहासाकडे आहे, आणि खेळात हे दोन्ही स्वभाव दिसतात : हिशेब गणितज्ञाचा आणि कुतूहल बखरकाराचे. २००२ साली त्यांनी काम सुरू केले, २००६ च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती लोकांना दिली आणि २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या कलासंग्रहालयाने निवडलेल्या पहिल्या चौदा खेळांत या खेळाला जागा मिळाली. तेव्हा नातू वेळ वाया घालवतो आहे असे तरी समजू नये.

राहिली थट्टा. आपल्या भागातले लोक देवाशी जितक्या सलगीने वागतात तितके पाठीमागे राहणाऱ्या भावकीशीही वागत नाहीत. पाऊस लांबला की महादेवाचा गाभारा पाण्याने भरून त्याला कोंडून ठेवणारी गावे आपण पाहिली असतील. देव पाण्यात घालून बसणे हा वाक्प्रचार काही ग्रंथातून आलेला नाही. देव रुसतो, देवाला समजवावे लागते, नवस फेडायला उशीर झाला तर तो आठवण करून देतो, आणि हे सगळे सांगताना सांगणारी म्हातारी हसतही असते. त्या हसण्यात अनादर नसतो, घरोबा असतो. नातवाच्या हसण्यात तो घरोबा आहे की नुसती टवाळी, हे ओळखायला आपल्याइतके योग्य कोणी नाही. एक करून पाहावे : तो पुन्हा हसला की त्याला त्या देवाची कहाणी मराठीत रचून लिहायला सांगावे, आणि ती श्रावणातल्या कहाण्यांच्या धाटणीत, ‘आटपाट नगर होतं’ येथून सुरू व्हावी असा आग्रह धरावा. लिहिता येते का ते बघू. शुद्धलेखन आपण तपासालच.

प्रश्न : माझ्या गडावर साठ बुटके आहेत. कित्येकांच्या माहितीत ‘प्रार्थना करता आली नाही’ असे येते आणि त्यांचे कामात लक्ष लागत नाही. मोजून पाहिले तर नऊ निरनिराळ्या देवांचे भक्त निघाले. नऊ देवळे खोदत बसलो तर शेती आणि लोहारकाम कोण करणार? (अथणी)

उत्तर : नऊ देवळांची मुळीच गरज नाही, एकापासून सुरुवात करावी. प्रत्येक बुटक्याच्या नातेसंबंधांच्या पानावर आईवडील, मित्र आणि वैरी यांच्या बरोबरीने त्याचे देवही नोंदलेले असतात, आणि त्याची भक्ती किती खोल आहे हेही तेथेच कळते. कोणी नुसता नावापुरता भक्त असतो, कोणी साशंक असतो, कोणी मध्यम, तर कोणी कट्टर. कट्टर भक्ताला प्रार्थनेची भूक जास्त लागते. ज्याला देवच नाही त्याला ती लागत नाही. एकाच बुटक्याचे दोनतीन देव असतील तर प्रत्येकाची भूक वेगळी मोजली जाते, आणि ती भागली नाही की त्याचे चित्त विचलित होते. आपल्या लोहारांचे हेच झाले आहे.

यावर तोडगा असा की सभास्थान म्हणून एक प्रशस्त दालन आखावे, त्याला देवालय ठरवावे आणि देव विचारला जाईल तेथे ‘विशिष्ट देव नाही’ हा पर्याय निवडावा. अशा देवालयात कोणत्याही देवाचा भक्त येऊन आपल्या देवाची प्रार्थना करू शकतो. आपल्याकडे एकाच पारावर शेंदूर फासलेले पाच दगड असतात आणि ज्याला जो देव हवा त्याने त्याला हात जोडावेत, त्यातलाच हा प्रकार आहे. दालन ऐसपैस ठेवावे, कारण बुटके तेथे नाचतातही. वाद्ये ठेवायला एखादी पेटी द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकांना रिकामा वेळ मिळाला पाहिजे. देऊळ बांधून त्याच्या भक्तांना अहोरात्र दगड वाहायला लावणारे गडकरी मी पाहिले आहेत, आणि मग तेच ‘देव पावत नाही’ अशी तक्रार लिहून पाठवतात.

पुढे वस्ती वाढली की एखाद्या पंथाचे लोक आपल्याच देवाचे स्वतंत्र देवालय मागायला अर्ज घेऊन येतील. अर्ज मंजूर केला तर तो पाळावा लागतो, म्हणून हाताशी दगड आणि माणसे असतील तेव्हाच होकार द्यावा. येथे नुसते दालन चालत नाही, त्याचे मोल मोजले जाते : देवालय म्हणून मान्यता मिळायला २,००० आणि त्याहून मोठ्या देवालय-संकुलासाठी १०,००० इतके मोल लागते. आकडे पाहून घाबरू नये. सोन्याच्या मूर्तीवाचून अडत नाही. जमीन आणि भिंती घासून घेतल्या, त्यांवर कोरीव काम केले आणि दोनचार बऱ्या मूर्ती ठेवल्या की पहिला आकडा सहज गाठता येतो. देवालय उभे राहिले की पुजारी नेमता येतो. तो प्रवचने करतो आणि दुःखी बुटक्यांची समजूतही काढतो. माझ्या गडावरचा पुजारी चिखलाच्या देवाचा आहे आणि गडावरच्या सर्वांत स्वच्छ दालनात राहतो.

प्रश्न : हा खेळ विकतच घ्यावा लागतो का? (चिकोडी)

उत्तर : नाही. चित्रे आणि संगीत असलेली आवृत्ती ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात ६ डिसेंबर २०२२ रोजी विक्रीस आली, तिला पैसे पडतात, परंतु केवळ अक्षरे आणि चिन्हे यांच्या साहाय्याने जग दाखवणारी जुन्या धाटणीची आवृत्ती कर्ते आजही फुकट देतात. देवांपुरते बोलायचे तर फुकटातल्या आवृत्तीत काही कमी नाही, कारण त्यांची खरी वर्णने दोन्हीकडे शब्दांतच असतात.

प्रश्न : माझ्या जगातल्या माणसांच्या राज्यात ‘सीमा आणि किनारे’ यांची देवी निघाली. बेळगावात बसून हे वाचताना मी आणि माझे मित्र पोट धरून हसलो. ही देवी आमच्यासाठीच पाठवली आहे का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : पाठवली असेल तर बराच उशीर झाला आहे, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी यायला हवी होती. सीमा हे क्षेत्र खेळाच्या मूळ यादीतच आहे आणि ते जगातल्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, पण ते बेळगावच्या माणसाच्या पडद्यावर उमटावे यातला विनोद फक्त आपल्यालाच कळणार. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून असलेल्या सीमावादाच्या दाव्यासंदर्भात तिच्याकडे अर्ज करण्याचा मोह मात्र आवरावा. खेळातली राज्ये सैन्याच्या बळावर वाढतात आणि आक्रसतात. ही देवी त्या रेषेला बोटही लावत नाही. तिच्या नावाने देऊळ होईल, प्रार्थना होतील, तिच्या मूर्ती घडतील, हद्द मात्र जिथल्या तिथे राहील.

तरीही हिला नुसते विनोदावर सोडून द्यावे असे मला वाटत नाही, कारण हद्दीचा देव ही कल्पना आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. गावाची शीव ओलांडताना म्हसोबाला किंवा वेताळाला हात जोडायचे, नारळ फोडायचा, रात्री शिवेवर थांबायचे नाही, हे या भागात मराठी बोलणाऱ्याला ठाऊक आहे आणि कन्नड बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे. लग्नात वराकडची मंडळी आली की त्यांचे सीमांतपूजन होते. पूर्वी ते खरोखर गावाच्या शिवेवर होत असे, आता कार्यालयाच्या पायरीवर होते, पण नाव शिवेचेच राहिले. म्हणजे आपल्याकडे शीव ही अडवण्याची जागा आहे तशी स्वागताचीही आहे. संगणकाने तुमच्या देवीला सीमेच्या जोडीला किनारे दिले आहेत, आणि किनारा हासुद्धा जमीन संपते तेथेच पाणी भेटते असा असतो. ही जोडी खेळात मुद्दाम जुळवलेली आहे. दोन्ही क्षेत्रांची सोयरीक असल्यामुळे ती एकत्र येण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडचे देव राज्याची रेषा मानत नाहीत. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्काला आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसे येतात, आणि जोतिबाच्या डोंगरावर व पंढरपूरच्या वाळवंटात कानडी भजने ऐकू येतात. खेळात असे होते का, हे पाहण्यासारखे आहे. होते. एका राज्यातून दुसरीकडे स्थायिक होणारे लोक आपले देव बरोबर नेतात, त्यामुळे बुटक्यांच्या गडावर वस्तीला आलेला माणूस आपल्या माणसांच्याच देवाची प्रार्थना करताना आढळतो. तुमच्या सीमादेवीचे भक्त लेजेंड्समध्ये शोधा. त्यातले सीमेपलीकडे कितीजण राहतात ते मोजून कळवलेत तर पुढच्या अंकात छापीन.

प्रश्न : हे देव प्रत्यक्षात काही करतात, की नुसते नावाला आहेत? (संकेश्वर)

उत्तर : रोजच्या व्यवहारात ते लुडबुड करत नाहीत, पीक वाढवत नाहीत की लढाई जिंकून देत नाहीत. रागावले मात्र तर सोडत नाहीत. इतिहासात कोणी देवळातली मूर्ती पाडून विटंबना केली तर देव त्याला शाप देतो, आणि त्या शापाने तो रक्तपिशाच्च तरी होतो किंवा पौर्णिमेला हिंस्र श्वापदाचे रूप घेणारा तरी. असला शापित इसम दुसऱ्याच नावाने तुमच्या गडावर राहायला येऊ शकतो, आणि मग एखाद्या सकाळी बिछान्यात रक्त शोषलेला बुटका सापडतो. कोणी काही खात नाही, पीत नाही, तरी ठणठणीत आहे, असे दिसले तर त्याच्यावर नजर ठेवावी.

वर देण्याचीही एक रीत आहे, पण ती शापापेक्षा भयंकर. मरणाच्या भीतीने पछाडलेल्या माणसाला मृत्यूशी संबंधित देव जीवनमरणाची गुपिते कोरलेली एक शिळा देतो. ती वाचली की तो म्हातारा होत नाही आणि मेलेल्यांना उठवू शकतो. असले मांत्रिक मग मनोरे बांधून राहतात आणि शेजारच्या गावांची झोप उडवतात. माणसांच्या राज्यांत आणखी एक फसवणूक घडते : पाताळातून वर आलेला एखादा राक्षस ‘मीच तो देव’ असे सांगून राजा होऊन बसतो, आणि प्रजा पिढ्यानपिढ्या त्याला मानते. एल्फांना हा धोका कमी, कारण त्यांच्याकडे देवांचा मेळाच नाही; रानाशी निगडित अशा एखाद्या अमूर्त शक्तीला ते भजतात.

एकट्या साहसवीराचे पात्र घेऊन खेळण्याचा जो प्रकार आहे, त्यात देवस्थानी फासे टाकून भविष्य पाहता येते. हा आपला कौलच झाला. फूल उजवीकडून पडले की काम होणार, तसा येथे फाशांवरून बरा-वाईट योग कळतो. पण एकदा कौल मिळाल्यावर मनासारखा नाही म्हणून पुन्हा पुन्हा फासे टाकत राहिलात तर देव चिडतो आणि शाप पदरी पडतो. गुरवही तिसऱ्यांदा कौल लावायला तयार होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आमच्या गावचा बिरोबा या खेळात घालता येईल का? नाव मराठीत दिसले तर वडिलांना दाखवता येईल. (रायबाग)

उत्तर : अमुक नावाचा अमुक देव हवा, असे सरळ लिहून देण्याची सोय मूळ खेळात नाही; देव जन्माला घालण्याचा अधिकार संगणकाने स्वतःकडे ठेवला आहे. नाव देवनागरीतही दिसणार नाही, कारण खेळ जुन्या संगणकांच्या २५६ चिन्हांच्या संचावर चालतो आणि त्यात आपली लिपी नाही. तुमच्या हाती दोन किल्ल्या मात्र आहेत. प्रत्येक समाजाची माहिती साध्या मजकुराच्या फायलींत असते, आणि तेथे त्या समाजाच्या देवांना कोणती क्षेत्रे अधिक मिळावीत हे सुचवता येते. बिरोबा धनगरांचा देव, तेव्हा प्राणी, निसर्ग, डोंगर अशी क्षेत्रे लिहून देता येतील. दुसरी किल्ली शब्दांची. बुटक्यांची, माणसांची, एल्फांची आणि गॉब्लिन नावाच्या दुष्ट जमातीची अशा चार भाषांचे शब्दकोश खेळात वेगवेगळ्या फायलींत आहेत. बुटक्यांच्या कोशातला शब्द पुसून त्या जागी रोमन लिपीत मराठी शब्द लिहिला, आणि त्यानंतर नवे जग तयार केले, तर नावे त्या शब्दांतून जुळतात. आधी तयार झालेल्या जगातली नावे बदलत नाहीत.

हा उद्योग मी स्वतः एका रविवारी केला. कोशात दोन हजारांच्या वर शब्द आहेत. त्यांतले दीडशे बदलेपर्यंत चहा तीनदा झाला. स्वयंपाकघरातले शब्द आधी सुचले म्हणून तेच भरले गेले, आणि डोंगर, वारा, वीज यांच्यापर्यंत पोचेस्तोवर कंटाळा आला. परिणाम असा झाला की माझ्या नव्या जगातल्या मृत्युदेवाच्या नावात ‘भाकरी’ आली आणि युद्धदेवाच्या नावात ‘ताक’. तुम्ही डोंगरापासून सुरुवात करा. आणि मूळ फायलीची एक प्रत आधीच बाजूला काढून ठेवा. मी ती ठेवली नव्हती, त्यामुळे माझ्या गडावरचे सातही बुटके अजून लढाईला निघताना ताकाचे नाव घेतात.